मून मॉथ आणि फुलपाखरू वागळी : दोघांना शेपूट कशाला?

कोयनाकाठ
रविवार, रात्री १०.४०

काल चिपळूणहून कराडला येताना एकाच रात्री दोन प्राणी भेटले. लेकीनं विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. त्यानंतर कामानिमित्त चिपळूणला गेलो की थर्माकोलचा खोका सोबत नेतोच. या वेळी बांगड्यांबरोबर एक वागळी घेतली, म्हणजे तो शेपटीवाला चपटा मासा. नेहमीची वागळी ताटासारखी गोलसर असते, ही आडवी पसरलेली होती. लांबीच्या जवळजवळ दुप्पट रुंदी, अगदी संक्रांतीच्या पतंगासारखी. शेपूट बारीक आणि तिच्यावर काळे-पांढरे पट्टे. मासेवाल्या मावशी म्हणाल्या, ही फुलपाखरू वागळी.

कुंभार्ली घाट चढून हेळवाकजवळ एका टपरीवर चहाला थांबलो. धुकं आणि बारीक पाऊस. बर्फाचं पाणी ओतून टाकावं म्हणून खोका बाकड्यावर काढून ठेवला होता. ट्यूबलाइटभोवती फिरणारा एक मोठा पतंग थेट त्या खोक्यावर येऊन बसला. फिकट पोपटी रंग, तळहाताएवढा, आणि मागच्या पंखांना दोन लांब, टोकाशी जरा पिळलेल्या शेपट्या. मून मॉथ. पुस्तकात पाहिला होता, समोर पहिल्यांदाच.

लेक आठवीत आहे. ती म्हणाली, "बाबा, खोक्यात पण पंख आणि शेपूट, खोक्यावर पण पंख आणि शेपूट. दोघांची शेपूट एकाच कामाची असते का?"

मला सांगता आलं नाही. पतंगाला उठवायचा जीव होईना, म्हणून अर्धा तास तिथंच बसून राहिलो. दोघांचे फोटो टाकलेत. जाणकारांनी सांगावं.

कृष्णाकाठचा पोरगा
रविवार, रात्री ११.०५

काय फोटो आहे दादा! चांदोलीला गेल्या पावसाळ्यात मला एकच दिसला होता, तोही एक शेपटी तुटलेला. तुमच्या फोटोत मिशा बारीक दिसतात, म्हणजे ही मादी. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, मादीचा वास हुंगायला.

जीवशास्त्राच्या बाई
सोमवार, सकाळी ७.१५

कोयनाकाठ, तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. मिरजेत तीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न कुणी या शब्दांत विचारला नव्हता.

आधी नावं. पतंगाचं शास्त्रीय नाव अॅक्टियास सेलेने. सेलेने ही ग्रीकांची चंद्रदेवता. वागळी पट्ट्यांवरून जिम्नुरा पोएसिल्युरा दिसते आहे. पोएसिल्युरा म्हणजे चित्रविचित्र शेपटीची. याच कुळातल्या बऱ्याच जातींची शेपूट इवलीशी असते. हिची त्या मानानं लांब.

आता पतंगाच्या शेपटीचं काम. या कुळातल्या पतंगांना कान नसतात. वटवाघूळ अंधारात चित्कार करतं, त्याचा प्रतिध्वनी ऐकून भक्ष्य हेरतं. पुष्कळ पतंगांना तो आवाज ऐकू येतो आणि ते गिरकी घेऊन निसटतात. मून मॉथला ते जमत नाही, तो ठार बहिरा. त्याच्या शेपट्या उडताना गोल गोल फिरतात आणि त्या पिळलेल्या टोकांवरून वेगळा प्रतिध्वनी उठतो. वटवाघूळ धडावर झडप घालायचं सोडून शेपटीवर घालतं. शेपटीचा तुकडा जातो, पतंग उडून जातो.

हे नुसतं अनुमान नाही. याचा अमेरिकेतला सख्खा भाऊबंद म्हणजे ल्यूना मॉथ. त्याच्यावर जेसी बार्बर आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही पतंगांच्या शेपट्या काढून त्यांना वटवाघळांसमोर सोडलं आणि अंधारात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं. शेपूट नसलेले पतंग सुमारे ८१ टक्के वेळा पकडले गेले, शेपूटवाले सुमारे ३५ टक्के वेळा. शेपटी नसलेल्यांचं उडणं मात्र बिघडलं नव्हतं. म्हणजे ही शेपूट सुकाणू नव्हे, ती हूल आहे. कृष्णाकाठच्या पोरा, तुला दिसलेल्या पतंगाची शेपटी बहुधा अशीच कामी आली असेल.

वागळीच्या शेपटीवर उलट खराखुरा काटा असतो. त्यामुळे लेकीला उत्तर द्यायचं तर काम एकच, जीव वाचवणं. पण एक फसवते आणि दुसरी टोचते.

रोखठोक
सोमवार, सकाळी ९.३०

बाई, माहिती उत्तम आहे. पण ही तुलनाच मला पटत नाही. वागळी शार्कच्या नात्यातली, कूर्चेच्या सांगाड्याची. पतंग कीटक. दोघांचा समान पूर्वज शोधायला पन्नास कोटी वर्षांहून मागं जावं लागेल. वरवरच्या आकारावरून जोडी लावली तर मुलांच्या डोक्यात गोंधळ होईल. उद्या विमान आणि घार यांची जोडी लावाल.

जीवशास्त्राच्या बाई
सोमवार, दुपारी १२.५०

रोखठोक, जरूर लावावी. घारीचा पंख आणि विमानाचा पंख शेजारी ठेवल्याशिवाय हवा दोघांना कशी उचलते ते कळत नाही. नातं नसलेल्यांची तुलना जास्त शिकवते, कारण तिथं साम्य वारशानं आलेलं नसतं.

याच दोघांचे पंख घ्या. पतंगाच्या पंखात एकही स्नायू नाही. दोन पातळ पापुद्रे, मधे शिरा, वर खवले. पंख हलवणारे सगळे स्नायू छातीत. वागळीचा "पंख" म्हणजे रुंदावलेला छातीचा पर, आणि तो स्नायूंनी गच्च भरलेला, आत कूर्चेच्या कांड्या. आपण वागळीचं जे मांस खातो ते मुख्यतः तिचा पंखच. गोल वागळ्या पराच्या कडेला लाट सोडत सरकतात, तर मांटासारख्या मोठ्या जाती पक्ष्यासारखे पंख मारतात. फुलपाखरू वागळ्यांच्या कुळाला दोन्ही जमतं. तळाशी असेल तर लाट, वर पाण्यात आली की फडफड. हे लेकीला दाखवताना काहीच गोंधळ होणार नाही.

सागरलेक
सोमवार, दुपारी ३.२०

माझं माहेर दाभोळ खाडीवरचं, सासर साताऱ्यात. वागळीचा विषय म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्याकडे कोणी पाकट म्हणतात, कोणी वागळी. वागळी या नावात मला कायम वाघूळ ऐकू येतं. बाईंनी वटवाघळाचं लिहिलं आणि मी इथं खुर्चीतून उठूनच बसले.

काट्याबद्दल. वागळी मुद्दाम कुणाच्या अंगावर येत नाही. ती वाळूत पडून असते, वरून पाय पडला की शेपूट उसळते. काट्याला करवतीसारखे दात असतात, ते आत जाताना जेवढं फाडतात त्याहून जास्त बाहेर येताना. विष त्या काट्याच्या खोबणीतल्या कातडीत असतं. माझ्या काकांना लागला होता, तेव्हा माझ्या आजीनं पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवला होता. डॉक्टरही आज हेच सांगतात, कारण ते विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेनं निकामी होतं. त्यानंतर दवाखान्यात जायचंच, काट्याचा तुकडा आत राहतो. खाडीत चालताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा. म्हणजे ती आधीच उठून जाते. लहानपणी हे चालणं आम्हाला पोहण्याच्या आधी शिकवलं.

फुलपाखरू वागळीचा काटा अगदी लहान, शेपटीच्या मुळाशी. कधी नसतोच म्हटलं तरी चालेल. म्हणून तर कोयनाकाठ यांना ती शेपटीसकट मिळाली. मोठ्या काटेरी वागळ्यांची शेपूट होडीवरच कापून टाकतात, बाजारात तुम्हाला ती दिसतच नाही.

कृष्णाकाठचा पोरगा
सोमवार, सायंकाळी ६.१०

मग फुलपाखरू वागळीची शेपूट ना धड हूल, ना धड शस्त्र. ती लपूनच वाचते ना? वाळूच्या रंगाची पाठ, आणि चपटं अंग वाळूत पुरून नुसते डोळे वर. श्वासही डोळ्यांमागच्या भोकांतून आत घेते, कारण तोंड खाली वाळूला टेकलेलं. मून मॉथही दिवसा हिरव्या पानांत पानच होऊन बसतो. मला तर शेपटीपेक्षा हे लपणं जास्त सारखं वाटतं.

आणि दोघांची न दिसणारी इंद्रियं. वागळीच्या तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, आत चिकट पदार्थानं भरलेल्या नळ्या. स्टेफानो लोरेन्झिनी यांनी त्यांचं वर्णन १६७८ मध्येच केलं होतं. वाळूखाली लपलेल्या जिवाच्या अंगातली अगदी क्षीण वीज वागळीला त्यांतून कळते. पतंगाकडे तशाच तोडीचा वास आहे. रेशमाच्या मादीचा गंध कशाचा बनलेला असतो ते १९५९ मध्ये अॅडॉल्फ ब्यूटेनांट यांनी शोधलं. त्यासाठी पाच लाखांच्या आसपास माद्या लागल्या, इतका तो गंध कमी आणि नराचं नाक इतकं तिखट.

तुतीची बाग
सोमवार, रात्री ९.००

रेशमाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी वाळवा तालुक्यातला, घरची दीड एकर तुती हाय. पाच वर्षं झाली रेशीम करतोय. मून मॉथ आमच्या किड्याचा लांबचा पाव्हणा.

लोकांना पतंग दिसतो, आम्हाला अळी दिसते. चॉकी झालेल्या, म्हंजे लहानपणी वेगळ्या पोसलेल्या अळ्या शेडमधी आणल्या की पुढं दिवसरात्र पाला. रात्री शेडमधी उभं राहिलं की पानं खायचा आवाज पावसासारखा येतो. अंड्यातनं निघाल्यापास्नं कोष करायच्या वेळेपर्यंत अळीचं वजन दहा हजार पट वाढतं. चार येळा कात टाकती. पंचवीसेक दिवसांत हे सगळं, मग चंद्रिकेवर, म्हंजे कोष करायच्या चटईवर चढवायची आणि ती कोष विणती. एका कोषात हजारेक मीटर धागा, सलग.

ह्यातला पतंग बाहेर आला की काही खात न्हाई. तोंड असून नसल्यासारखं. अळीनं जी शिदोरी बांधली तेवढ्यावर जगायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची, संपलं. मून मॉथचंबी तसंच हाय, हप्ताभराचं आयुष्य. खोक्यावर बसलेली ती बाई उपाशीच होती आणि उपाशीच मरणार होती. तिला फक्त एकच काम उरलेलं. म्हणून दादांनी तिला उठवलं न्हाई ते लई बरं केलं.

कोयनाकाठ
सोमवार, रात्री १०.१५

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. लिहावी की नाही ठरत नव्हतं.

रविवारी सकाळी वागळी कापायला घेतली. आत चार पिल्लं होती. पुरी तयार, प्रत्येकाची शेपूट पट्टेरी, पंख अंगाभोवती दुमडलेले. कोषातून निघालेल्या पतंगाचे पंख असतात ना, चुरगळलेले, तसेच. लेक शेजारीच उभी होती. तिनं काही विचारलं नाही, आत निघून गेली. त्या दिवशी आमच्याकडे फक्त बांगडे झाले. वागळी मी मागच्या परसात पुरली.

आता तुम्ही पतंगाचं सांगितलंत, उपाशी राहून अंडी घालायची. आणि ही चार पिल्लं पोटात घेऊन फिरत होती. शेपटीचा प्रश्न मागंच पडला. मला हे दोघींचं आईपण शेजारी ठेवून बघायचं आहे.

जीवशास्त्राच्या बाई
मंगळवार, सकाळी ६.५०

लिहिलंत ते बरं केलंत.

वागळीची अंडी पोटातच फुटतात. पिल्लू आधी बलक संपवतं, पुढं आईच्या गर्भाशयाच्या भिंतीतून एक पौष्टिक दूध पाझरतं त्यावर वाढतं. भिंतीला बारीक धाग्यांसारखे झुबके असतात, दूध त्यांतून येतं. फुलपाखरू वागळ्यांच्या कुळात हे झुबके पिल्लाच्या डोळ्यांमागच्या भोकांतून थेट आत शिरलेले असतात. श्वासासाठीची भोकं जन्माआधी दूध पिण्यासाठी! जेम्स वुड-मेसन आणि आल्फ्रेड अल्कॉक यांनी याचं वर्णन १८९१ मध्ये प्रसिद्ध केलं. वुड-मेसन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होते, अल्कॉक सर्वेक्षणाच्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावर वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ. आपल्याच समुद्राचं काम करणारी माणसं. मी हे वर्गात शिकवायची तेव्हा मुलं काही क्षण गप्प बसायची.

म्हणजे पतंगीण सगळी शिदोरी अंडी घालण्याआधीच वाटून टाकते आणि पुढं तिचा संबंध संपतो. वागळी शेवटच्या दिवसापर्यंत पाजत राहते.

कृष्णाकाठचा पोरगा
मंगळवार, सकाळी ८.३०

आणि हिशेबही वेगळा पडतो. मून मॉथची मादी दीड-दोनशे अंडी घालते. त्यातली दोन जरी पतंग झाली तरी जात टिकते. बाकीची मुंग्यांना, पक्ष्यांना, गांधीलमाश्यांना जाणार हे त्या आकड्यातच धरलेलं असतं. फुलपाखरू वागळीला एका वेळी फार तर सातेक पिल्लं, आणि तीही काही वर्षं वाढून मोठी झाल्यावर. तिच्या हिशेबात वाया घालवायला काहीच ठेवलेलं नाही. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक यादीत ही जात 'असुरक्षित' गटात आहे.

रोखठोक
मंगळवार, सकाळी ११.००

तुलनेबद्दलचा माझा आक्षेप मागे घेतो. या हिशेबासाठी दोघं शेजारी हवेतच.

पण एक भीती वाटते. या धाग्यावरून आता कोळ्यांना शिव्या सुरू होतील. घाटावर बसून ते सोपं असतं.

सागरलेक
मंगळवार, दुपारी २.४५

रोखठोक, तुम्ही म्हणालात म्हणून बरं वाटलं.

वागळीसाठी म्हणून कुणी ट्रॉल टाकत नाही. जाळं तळ खरवडत कोळंबीसाठी जातं आणि वागळी तळाशीच राहते, म्हणून येते. जाळं पोट बघून धरत नाही. आणखी एक गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली नसेल. गाभण वागळी जाळ्यात आली की त्या धसक्यानं डेकवरच पिल्लं टाकते. कधी जिवंत, कधी अपुरी. माझे वडील जिवंत दिसलेली पिल्लं हातानं उचलून पाण्यात सोडायचे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यातली किती जगली असतील हे बघायला ते पाण्यात उतरले नव्हते. पण सोडायचे. आज माझा भाऊ होडी घेऊन जातो, त्याला मी कालच फोन केला. तो म्हणाला, मोठी गाभण आली आणि जिवंत असली तर ती पण सोडतो, पण सोबतच्या खलाशांना ते पटवावं लागतं, कारण पैसे सगळ्यांचे जातात.

तुम्ही घाटावरची माणसं एक करू शकता. पोट फुगलेली वागळी दिसली तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते मावशींना सांगा. रागानं नव्हे. मावशी लिलावात बोलतात, तिथून ते होडीपर्यंत जातं. गिऱ्हाईक काय नाकारतं हे आमच्याकडे सगळ्यात लवकर कळतं.

कोयनाकाठ
मंगळवार, रात्री ९.३०

सागरलेकताई, पुढच्या खेपेला नक्की सांगेन. आणि तुमच्या वडिलांची गोष्ट लेकीला वाचून दाखवली. तिनं विचारलं, ते पिल्लं कशी धरायचे? शेपटीला की पंखाला?

सागरलेक
मंगळवार, रात्री ९.५०

दोन्ही तळहातांवर. पाणी ओंजळीत घेतात तसं.

कोयनाकाठ
गुरुवार, सायंकाळी ७.२०

सगळ्यांना एक बातमी. खोका धुवून गच्चीवर वाळत ठेवायला म्हणून आज काढला, तर झाकणाच्या कडेखाली करड्या रंगाचे, मोहरीएवढे दाणे चिकटलेले. लेकीनं मोजले, २३. हेळवाकच्या त्या अर्ध्या तासात तिनं घातलेले. तुतीची बाग दादा, आता काय करायचं?

तुतीची बाग
गुरुवार, रात्री ८.०५

मोहरीएवढी, चिकटलेली म्हणजे तिचीच. जोडी लागून आली असंल तर दहा-बारा दिवसांनी फुटतील, न्हाईतर खपाटीला जातील. खरवडू नका. थर्माकोलचा तेवढा तुकडा कापून घ्या आणि भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा. ऊन नको, पाणी शिंपडू नका, मुंगी अजिबात लागू देऊ नका. डब्याभोवती ताटलीत पाणी ठेवा. औषध मारलेल्या शेताजवळचा पाला चालत न्हाई, आमच्याकडं एका फवाऱ्यानं पूर्ण बॅच गेलेली मी बघितलीय. तुतीवर ह्या जगणार न्हाईत. मोई, काही जण शिमट म्हणत्यात, तिचा पाला लागंल. झाड आत्ताच बघून ठेवा, अळी निघाल्यावर येळ मिळत न्हाई.

जीवशास्त्राच्या बाई
गुरुवार, रात्री ८.४०

पहिल्या वयातली अळी लालसर आणि काळ्या पट्ट्याची असते, हिरवी नंतर होते. वेगळंच काही निघालं म्हणून घाबरू नका. आणि थोड्या मोठ्या झाल्या की हेळवाककडे, मोईच्या झाडावरच नेऊन सोडा. कराडमध्ये नको.

कोयनाकाठ
पुढचा बुधवार, सकाळी ६.३०

पहाटे चारला लेकीनं उठवलं. नऊ फुटली आहेत. बाईंनी सांगितलं तशीच, लाल आणि मधे काळा पट्टा. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असूनही मोईच्या पानाच्या कडेला लागलीसुद्धा. पाटणच्या रस्त्याला सापडलेल्या झाडाची फांदी कालच आणून पाण्यात ठेवली होती. बाकीची चौदा अजून तशीच आहेत. लेक भिंग घेऊन बसली आहे, शाळेला उशीर होणार.